कॅसेटचा आवाज दबका येतोय? आधी हेड बघा

जुनी कॅसेट लावली आणि आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटला, की टेपच गेली असं समजून ती फेकली जाते. कृपया थांबा. साध्या टेपवरच्या लोह-ऑक्साइडच्या कणांचं चुंबकत्व पालटायला सुमारे 300 ओर्स्टेडचं (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र लागतं. कपाटात नुसतं पडून ते जात नाही. दोष बहुधा हेडवरच्या, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या प्लेअरमधल्या भागावरच्या, मळाचा असतो.

कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. म्हणजे 10 किलोहर्ट्झच्या स्वराची एक लहर टेपवर अवघी 4.76 मायक्रॉनची. हेड आणि टेपमध्ये 1 मायक्रॉन मळ बसला तर हा स्वर सुमारे 11 डेसिबलने पडतो, 1 किलोहर्ट्झचा मात्र जेमतेम एकाने. म्हणून अभंगाचे शब्द कळतात, पण टाळांची किणकिण ऐकू येत नाही.

प्लेअरची वायर काढा. कापसाचा इअरबड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून निथळू द्या आणि हेड व टेप पुढे ओढणाऱ्या कॅपस्टनची चकचकीत दांडी पुसा. बोळ्यावर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत नवा बोळा घेत राहा. टेप त्या दांडीवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला पाण्याने ओलसर केलेलं फडकं पुरे, अल्कोहोलने रबर कडक पडू शकतं. पंधरा मिनिटं सुकू द्या.

हेडमध्ये चुंबकत्व साठलं असेल तर खरखर वाढते. ते उतरवताना कॅसेटी दुसऱ्या खोलीत ठेवा. डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व उतरवणारं उपकरण) मीटरभर लांब धरून चालू करा, हळूहळू जवळ आणा, हेड आणि कॅपस्टनवरून फिरवा, तितक्याच संथपणे मीटरभर मागे न्या आणि मगच बंद करा. उलटसुलट होणारं क्षेत्र हळूहळू क्षीण झालं तरच चुंबकत्व शून्यावर येतं. जवळ असताना बटण बंद केलंत तर त्या क्षणीचं चुंबकत्व हेडमध्ये अडकतं, म्हणजे होतं त्याहून वाईट.

गाणं सुरू होण्याआधीच त्याची पुसट सावली ऐकू येते? गुंडाळीतला एक पदर शेजारच्या पदरावर छापला गेलाय. उष्णतेने हे वाढतं आणि पातळ टेपच्या सी-120 (120 मिनिटांच्या) कॅसेटमध्ये जास्त होतं. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग वाजवा, सावली बरीच फिकी होते.

आणि प्लेअरमध्ये घालण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर पुसलेला तेवढा भाग परत मिळत नाही.