रेफरन्सची किल्ली: हॅश टेबल तपासताना या चुका टाळा

निपाणीकडच्या एका गावातल्या दूध डेअरीसाठी मी पायथॉनमध्ये हिशेबाचा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. सकाळ-संध्याकाळचं दूध, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) आणि दहा दिवसांनी बिल, एवढंच काम. पहिलंच बिल निघालं आणि एक काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाळा, माझ्या म्हशीचं दूध वरच्या गल्लीच्या नावावर कसं काय चढलंय रे?" चिठ्ठ्या काढून बघितल्या, तर खरंच चढलं होतं. घरी येऊन टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

हिशेब मी हॅश टेबलमध्ये ठेवला होता, म्हणजे किल्ली दिली की तिची नोंद काढून देणाऱ्या तक्त्यात. गावात एकाच नावाचे तीन पाटील होते. कुणी मळ्यातले, कुणी गल्लीतले. नाव ही किल्ली म्हणून चालणार नाही हे मला कळत होतं, म्हणून मी जास्तीची हुशारी केली: सभासदाच्या ऑब्जेक्टचा (प्रोग्राममध्ये त्याची माहिती धरणाऱ्या वस्तूचा) आयडी हीच किल्ली. सीपायथॉनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथॉनमध्ये, आयडी म्हणजे त्या ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता. (हॅश टेबलच्या 'की'ला मी इथं किल्लीच म्हणणार आहे. आमच्या बेळगाव भागात "होय की", "आलो की" म्हटल्याशिवाय वाक्य संपत नाही; उगाच घोटाळा नको.)

मग झालं असं. सचिवांनी काकूंच्या बँक खात्याचा नंबर दुरुस्त केला. माझ्या प्रोग्रामनं त्यांचं नवं ऑब्जेक्ट बनवलं आणि जुनं सोडून दिलं. जुन्याची जागा रिकामी झाली. त्यानंतर वरच्या गल्लीतल्या एका नव्या सभासदाची नोंद झाली, आणि त्याचं ऑब्जेक्ट नेमकं त्या रिकाम्या जागेत जाऊन बसलं. पत्ता तोच, माणूस दुसरा. टिळकवाडीत भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांना हे नवीन नाही: आधीच्या भाडेकरूची पत्रं वर्षभर आपल्याच दारात पडत असतात.

टेस्टनं हे का पकडलं नाही

कारण टेस्टच्या सुरुवातीला मी दहा सभासदांची यादी बनवली होती, आणि ती यादी टेस्ट संपेपर्यंत हातात धरून ठेवली होती. सगळी ऑब्जेक्ट जिवंत, म्हणजे सगळे पत्ते वेगळे. आयडी वेगळा असण्याची हमी ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंतच असते, आणि माझ्या टेस्टमध्ये कुणी मरतच नव्हतं.

ही चूक पकडणारी टेस्ट अवघड नाही. ऑब्जेक्ट बनवा, टेबलमध्ये नोंद करा, ऑब्जेक्ट सोडून द्या, दुसरं बनवा आणि त्याच्या नावावर काही सापडतं का बघा. हे एका लूपमध्ये फिरवा. सीपायथॉन सुटलेली जागा इतक्या तत्परतेनं परत वापरतो की पहिल्या काही फेऱ्यांतच पत्ता जुळतो. दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक तर ऑब्जेक्टच किल्ली करा, त्याचा आयडी नको. नाहीतर आयडी ठेवायचाच असेल तर नोंदीबरोबर ऑब्जेक्टही धरून ठेवा, म्हणजे त्याची जागा मोकळी होणारच नाही. डेअरीच्या कामाला मात्र यातलं काहीच लागत नव्हतं. सभासद क्रमांक पहिल्यापासून वहीत होताच.

टाकताना आणि काढताना एकच व्हेरिएबल

रेफरन्स (ऑब्जेक्टकडं बोट दाखवणारा दुवा) किल्ली असलेल्या टेबलच्या टेस्ट मी बघतो तेव्हा दहापैकी बहुतेकांत हेच असतं: एक ऑब्जेक्ट बनवलं, ते किल्ली म्हणून टाकलं, त्याच व्हेरिएबलनं परत मागितलं, मिळालं, पास. या टेस्टनं काय सिद्ध झालं? काहीच नाही. टेबल 'तेच ऑब्जेक्ट' बघत असो की 'तशाच मजकुराचं ऑब्जेक्ट' बघत असो, ही टेस्ट दोन्हीकडं पास होते. जावात मजकूर बघणारा साधा हॅशमॅप काढून ओळख बघणारा आयडेंटिटी हॅशमॅप घातला तरी तिला पत्ता लागत नाही.

दोन पाटील समोर उभे करा. सगळी फील्ड सारखी, ऑब्जेक्ट वेगवेगळी. पहिल्याच्या नावावर नोंद करा, दुसऱ्यानं मागा. टेबल ओळखीवर चालत असेल तर काही मिळता कामा नये. मजकुरावर चालत असेल तर मिळायलाच हवं. मग टेबलमधल्या नोंदी मोजा, एक आहेत की दोन. या एका टेस्टमध्ये तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवावं लागतं, आणि माझा अनुभव असा की अर्ध्या वेळा ते कुणी ठरवलेलंच नसतं.

जावात इक्वल्स (समानता ठरवणारी मेथड) लिहून हॅशकोड (हॅश, म्हणजे टेबल ज्यावरून कप्पा ठरवतं तो आकडा, देणारी मेथड) विसरणारे याच टेस्टमध्ये सापडतात. पायथॉन थोडा कडक आहे: क्लासमध्ये समानतेची मेथड लिहिली आणि हॅशची लिहिली नाही, तर तो क्लास किल्ली म्हणून घेतच नाही, सरळ टाइप एरर देतो. साधा डेटाक्लासही (माहिती धरण्यापुरता क्लास) त्यामुळंच किल्ली होत नाही. एरर आला की घाईनं हॅश मेथडमध्ये आयडी परत करून मोकळं होणारे मी पाहिलेत. तसं केलं की दोन ऑब्जेक्ट समान, पण हॅश वेगळे, आणि आता एररसुद्धा नाही.

45 नंबरचा सभासद सापडतो, 412 नंबरचा नाही

टेस्टमध्ये आपण आकडे लहान घेतो. इथं तेच नडतं. जावा −128 ते 127 या पूर्णांकांची ऑब्जेक्ट एकदाच बनवून ठेवतो. आयडेंटिटी हॅशमॅपमध्ये 45 टाकला आणि पुन्हा 45 नं मागितला तर दोन्ही वेळा तेच ऑब्जेक्ट येतं, टेस्ट पास. 412 टाका: दर वेळी नवं ऑब्जेक्ट, नोंद गायब. सीपायथॉनमध्ये हीच सोय बराच काळ −5 ते 256 पर्यंत आहे. म्हणून टेस्टमधले आकडे नेहमी मोठे घ्या, आणि ते फाइलमधून किंवा मजकुरातून वाचल्यासारखे तयार करा.

स्ट्रिंगचंही तेच. कोडमध्ये दोन ठिकाणी "खानापूर" लिहिलं तर जावात ते एकच ऑब्जेक्ट असतं. डेटाबेसमधून आलेलं "खानापूर" वेगळं. टेस्टमध्ये सगळं कोडमध्येच लिहिलेलं असतं, म्हणून तिथं सगळं जुळतं.

याउलटचा एक त्रास खास आपल्या मराठीचा आहे. "कऱ्हाड" मधला र काही कीबोर्ड ऱ या एका अक्षरानं लिहितात, काही साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडक लावून. पडद्यावर फरक दिसत नाही, पण स्ट्रिंग वेगळ्या. र आणि खालचा नुक्ता असं लिहिलेलं रूप युनिकोडच्या एनएफसी रूपांतरानं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणाऱ्या) ऱ मध्ये जमा होतं. अदृश्य जोडकवालं होत नाही, ते हातानं बदलावं लागतं. मजकुरावर चालणारं टेबल असेल तर ही जोडी टेस्टमध्ये ठेवाच.

किल्ली टेबलमध्ये असताना तिचं नाव बदललं

1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर 'बेळगाव'चं 'बेळगावी' झालं. त्याच दिवशी बेंगळुरू, म्हैसूरु, हुब्बळ्ळी वगैरे मिळून कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली. नावावरून आम्हाला काय वाटतं तो विषय इथला नाही, पण प्रोग्रामरनं ही घटना डोळ्यासमोर ठेवावी. शहराचं ऑब्जेक्ट किल्ली आहे, त्याचा हॅश नावावरून निघतो, आणि टेबलमध्ये असतानाच कुणी नाव बदललं. आता काय?

जावाच्या हॅशमॅपमध्ये नोंद टाकताना निघालेला हॅश त्या नोंदीतच साठवलेला असतो. नाव बदलल्यावर मागताना नवा हॅश निघतो, तो जुन्याशी जुळत नाही, नोंद मिळत नाही. टेबल मोठं होताना नोंदी नव्या कप्प्यांत जातात तेव्हाही जुनाच हॅश वापरला जातो, त्यामुळं ते आपोआप सुधारत नाही. गंमत म्हणजे सगळ्या नोंदी छापल्या तर ती नोंद समोर दिसते. दिसते, पण मागितली तर मिळत नाही. अशा वेळी त्या मॅपवरून एक नवा हॅशमॅप तयार करा. नव्यात नोंद सापडली तर किल्ली मध्येच बदलली आहे हे नक्की, आणि शोध 'कुणी बदलली' एवढाच उरतो.

टेस्ट तीन पायऱ्यांची: टाका, किल्लीचं एक फील्ड बदला, मागा. ओळखीवर चालणाऱ्या टेबलमध्ये नोंद मिळालीच पाहिजे. नाव बदललं म्हणून गाव उठून जात नाही.

ओळखीचा हॅश म्हणजे ओळख नव्हे

जावातला आयडेंटिटी हॅशकोड हा पत्ता आहे असा समज फार पसरलेला आहे. हॉटस्पॉट (जावा चालवणारं नेहमीचं इंजिन) सहसा तो जवळपास यादृच्छिक आकडा म्हणून काढतो आणि ऑब्जेक्टच्या हेडरमध्ये ठेवतो; सुटलेल्या ऑब्जेक्टचा कचरा गोळा करताना उरलेली ऑब्जेक्ट मेमरीत इकडून तिकडं हलतात, पत्ता टिकणार कसा? 64 बिटच्या हॉटस्पॉटमध्ये हा आकडा 31 बिटचा असतो. गणित केलं तर साधारण 55 हजार ऑब्जेक्ट झाली की कुठल्या तरी दोघांचा आकडा सारखा निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. टेस्टमध्ये दहा ऑब्जेक्ट असतात, तिथं हे आयुष्यात दिसणार नाही. म्हणून टक्कर मुद्दाम घडवा: टेबल हॅश जिथून घेतं तिथं टेस्टपुरतं नेहमी एकच आकडा परत करणारं फंक्शन लावा, दोन वेगळी ऑब्जेक्ट टाका आणि दोघांच्या नोंदी वेगळ्या राहतात का बघा.

कमकुवत रेफरन्स

किल्लीचं ऑब्जेक्ट सुटलं की नोंदही जावी, यासाठी वीक हॅशमॅप किंवा पायथॉनची वीक की डिक्शनरी. दोन्ही समानता बघतात, ओळख नव्हे. नावावरून फसू नका. टेस्टमध्ये किल्ली म्हणून कोडमधली स्ट्रिंग घेतली तर जावात ती सहसा सुटतच नाही, आणि नोंद का जात नाही म्हणून माणूस दुपारभर डोकं खाजवत बसतो. जावात कचरा गोळा करायला सांगणं ही फक्त विनंती आहे; एकदा सांगून लगेच तपासणारी टेस्ट कधी पास, कधी नापास. मुदत घालून पुन्हा पुन्हा बघा. पायथॉनमध्ये टेस्टचंच एखादं व्हेरिएबल किंवा पकडून ठेवलेल्या एररचा ट्रेसबॅक (एरर कुठून आला त्याची नोंद) ऑब्जेक्ट धरून बसलेला असतो. आधी ते शोधा.

टेबलमधून नोंदी कुठल्या क्रमानं बाहेर येतात त्यावर टेस्ट लिहू नका, एवढंच क्रमाबद्दल.

जावास्क्रिप्टमध्ये साध्या ऑब्जेक्टला ऑब्जेक्टची किल्ली लावली तर तिची स्ट्रिंग होते, आणि सगळ्या साध्या ऑब्जेक्टची स्ट्रिंग एकच. तीन पाटलांचं दूध एका कॅनमध्ये. 2015 पासून भाषेत मॅप आहे, तो वापरा. पर्लमध्येही रेफरन्सची स्ट्रिंग होते. तिच्यात पत्ता असतो म्हणून किल्ल्या वेगळ्या राहतात, पण किल्लीवरून मूळ ऑब्जेक्टकडं परत जाता येत नाही, आणि पत्ता परत वापरला गेला की माझ्यासारखीच फजिती. टेस्टमध्ये टेबलच्या किल्ल्या बाहेर काढून त्यांच्यावर एखादी मेथड चालवून बघा, लगेच कळतं.

काकूंचं राहिलेलं दूध पुढच्या बिलात चढवलं. वरच्या गल्लीतल्या त्या नव्या सभासदाला जास्तीचे पैसे परत द्यायला सांगायचं काम सचिवांनी माझ्यावरच टाकलं.