विहिरीत निघालेला पांढरा दगड ओळखायचा कसा? मोस साहेबांची ओरखडा पद्धत

आपल्या बेळगाव, हुक्केरी भागात विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीतनं पांढरं चमकदार काहीतरी निघतंच, मग कोण म्हणतंय स्फटिक आहे, लाखात जाईल, कोण म्हणतंय गारगोटी आहे टाकून द्या. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून हे कळत नाही ओ, कारण तीन-चार वेगवेगळी खनिजं पांढरीच दिसतात. ओरखडा काढून बघा.

ओरखड्यावरनं दगडाचा कठीणपणा ठरवायची ही मोजपट्टी दिली फ्रीडरिश मोस यांनी. जन्म 1773, जर्मनीच्या हार्झ डोंगरातलं गेर्नरोडे गाव. फ्रायबर्गच्या खाण अकादमीत वेर्नर या मोठ्या मास्तरांकडं शिकले, 1801 ला खाणीवर मुकादम झाले, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियात एका बँकरच्या खनिजसंग्रहाची यादी करायला गेले. म्हणजे बघा, ढीगभर दगड समोर आणि एकेकाची ओळख पटवायची, तेच काम. 1812 मध्ये ग्राझला प्रोफेसर असताना त्यांनी दहा खनिजं कठीणपणाच्या क्रमानं लावली. पुढं वेर्नर वारल्यावर 1818 ला फ्रायबर्गला त्यांच्याच जागेवर, 1826 ला व्हिएन्ना, शेवटी तिथल्या सरकारी खाण खात्यात अधिकारी. 1839 ला इटलीत आगोर्दोला वारले. रसायनं न वापरता हाताडोळ्याला कळणाऱ्या गुणांवरनंच खनिज ओळखायचं हा त्यांचा हट्ट होता, आणि त्याचमुळं ही पद्धत आज शेताच्या बांधावर बसून करता येते, मला तर त्यांचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं.

क्रम असा: शंखजिरं 1, जिप्सम 2, कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) 3, फ्लोराइट 4, ॲपेटाइट 5, फेल्डस्पार 6, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ 7, पुष्कराज (म्हणजे टोपाझ) 8, कुरुंद 9 (माणिक, नीलम यातलेच), हिरा 10. वरच्या नंबरचं खालच्यावर ओरखडा काढतं, एवढाच नियम. हे आकडे क्रमाचे आहेत, मापाचे नव्हेत, हिरा कुरुंदापेक्षा फक्त एक पायरी वर दिसतो पण खरं तर कितीतरी पट कठीण.

आता घरातलं सामान. नख साधारण अडीच, तांब्याची तार तीन (आताची नाणी चालत नाहीत, बरीचशी स्टीलची आहेत), चाकूचं टोक आणि काच साडेपाचच्या आसपास. दगड धुवून वाळवा, ताजी फुटलेली बाजू घ्या, एकाच जागी दाबून छोटी रेघ ओढा आणि मग बोट फिरवून पूड पुसा. हे पुसणं कुणीच करत नाही आणि तिथंच फसतात, कारण कधी कधी चाकूच झिजून त्याची रेघ दगडावर उमटते आणि वाटतं दगडच कापला. पुसून खाच राहिली तरच ओरखडा.

नखानं उठत नाही पण चाकूनं सहज उठतो, आणि पूड करून लिंबू पिळल्यावर बुडबुडे येतात? कॅल्साइट. चाकूनं उठतो पण लिंबानं काही होत नाही, पंख्यासारखे नाहीतर सुयांसारखे झुपके आहेत? बहुतेक झिओलाइट, म्हणजे काळ्या दगडाच्या पोकळीत वाढणारी पांढरी खनिजं. चाकू हरला आणि दगडानंच काच कापली तर बहुतेक गारगोटी, आणि ती आपल्याकडं भरपूर मिळते, तेव्हा लाखाची आशा नको.

खानापूरकडच्या चिऱ्यावर मात्र हा प्रयोग करू नका, जांभा हा एक खनिज नव्हे, लोह-ॲल्युमिनियमच्या खनिजांचं मिश्रण, खरवडलं की भुगा पडतो आणि आकडा काढला तरी त्याला अर्थ नाही. गोकाक धबधब्याकडच्या वालुकाश्माचंही तसंच, दाणे सुटून येतील, पण सुटलेला दाणा काचेवर घासून बघा, काच कापतोय. आणि हातोडीनं फुटतोय म्हणून मऊ असं धरू नका की, हिरासुद्धा हातोडीनं फुटतो. देवळाच्या दगडावर, मूर्तीवर, अंगठीतल्या खड्यावर कधीच रेघ ओढू नका, काच घासताना हातमोजे घाला.