माल 'राइप' की 'मॅच्युअर'? इंग्रजी विशेषण निवडताना

रावेर तालुक्यात एका केळी व्यापाऱ्याकडे मी इंग्रजी पत्रव्यवहार बघतो. पहिल्याच हंगामात आखातातल्या गिऱ्हाइकाला लिहून मोकळा झालो, 'द बनानाज आर राइप.' मला म्हणायचं होतं, माल तयार आहे, कापणीला घेतो. तासाभरात फोन आला, 'पिकलेला माल कंटेनरमध्ये भरताय का?' शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

झाडावर पुरता भरलेला, पण हिरवागार घड म्हणजे 'मॅच्युअर'. पिवळं झालं, खायला आलं की 'राइप'. निर्यातीचा माल हिरवाच कापतात, १३-१४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि तिकडे पोचल्यावर पिकवतात. म्हणजे माझ्या एका शब्दाने अख्खा कंटेनर नासला होता, कागदावर का होईना.

तेव्हापासून अडलो की आधी विरुद्ध शब्द शोधतो. 'राइप'च्या उलट 'अनराइप', 'रॉ'च्या उलट 'कुक्ड'. दोन्हींना आपण 'कच्चं'च म्हणतो, पण एक पिकायचं राहिलंय, दुसरं शिजायचं. (वेफर्सवाल्याला 'रॉ बनाना' लिहिलं तरी चालतं, आपल्याकडे ते रुळलंय. परदेशी पत्रात मी 'ग्रीन' लिहितो.) 'ओल्ड'चंही तसंच: माणसाच्या बाबतीत उलट 'यंग', ट्रॅक्टरच्या बाबतीत 'न्यू'. उंचीला मात्र ही युक्ती पुरत नाही. केळीचं झाड 'टॉल', सातपुडा 'हाय', हे नुसतं लक्षात ठेवायचं.

दुसरी गोष्ट, शेजारचं नाम बघायचं. मे-जूनमधल्या वादळात बागा आडव्या होतात. एकदा नुकसानीच्या अर्जात मी 'हेवी रेन अँड हेवी विंड' लिहिलं. आपल्याकडे पाऊसही जोराचा, वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. का, ते विचारू नका, इथे तर्क चालत नाही. म्हणून शब्दकोशात विशेषण उघडण्याऐवजी नाम उघडा. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी कोशात 'विंड'खालच्या उदाहरणांत 'स्ट्राँग' हमखास सापडतं. चहाही 'स्ट्राँग', ट्रॅफिक मात्र 'हेवी'.

काही जोड्या गावच्या आठवणीला बांधून टाकल्यात. फैजपूरचं १९३६चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, म्हणून 'हिस्टॉरिक'. त्या काळावरची कादंबरी मात्र 'हिस्टॉरिकल', मग ती कितीही सुमार असो.

माणसाबद्दल लिहिताना जपून. बारीक माणूस 'स्लिम' म्हटलं की खूश, 'थिन' नुसतं वर्णन, 'स्किनी' टोचतं.

आणि पाहुण्याला शेवभाजी वाढताना 'हॉट' म्हणू नका. एकाला मी तसं सांगितलं. त्याने फुंकर मारमारून थंड केली आणि मोठा घास घेतला. आता मी 'स्पायसी' म्हणतो आणि ताकाचा पेला आधीच ठेवतो.