एलडी असलेलं पोरगं कॉलेजला जातंय? मग ही कामं जूनमध्येच उरका

आमचे चिरंजीव आता टीवाय बीकॉमला आहेत. एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी (अध्ययन अक्षमता). त्यातले डिसलेक्सिया आणि डिसग्राफिया दोन्ही, म्हणजे वाचायला वेळ लागतो आणि लिहायचं म्हटलं की हात आणि डोकं दोन वेगळ्या गाड्यांत बसल्यासारखे चालतात. शाळेत असताना सगळं मीच केलं, फाईल माझ्या पिशवीत, टीचरशी बोलणं मी, बोर्डाचे फॉर्म मी. कॉलेजात पहिल्या सेमला तेच करायला गेले आणि तोंडावर आपटले. म्हणून हे लिहितेय, ज्यांची मुलं आत्ता बारावी पास होऊन एफवायला चाललीयेत त्यांच्यासाठी. बाकी अपंगत्व असलेल्यांनाही बरंचसं लागू पडेल, पण मला जे नीट माहितीये ते एलडीचं.

आधी एक गैरसमज काढून टाका. महाराष्ट्रात एलडीच्या मुलांना बोर्डाच्या सवलती १९९६ पासून आहेत, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित, एक भाषा कमी, जादा वेळ, ग्रेस मार्क वगैरे. आपल्याला त्याची इतकी सवय होते की वाटतं कॉलेजातही असंच असणार. नसतं. डिग्रीला साधारणपणे जादा वेळ मिळतो, रायटर (आपण सांगू ते पेपरात लिहिणारा लेखनिक) मिळतो, पेपर कसा द्यायचा त्यात सवलत मिळते, पण सिलॅबस कोणी कमी करून देत नाही. त्यामुळे कोर्स निवडतानाच त्या कोर्सचे मागच्या दोनतीन वर्षांचे पेपर डाऊनलोड करून मुलासमोर ठेवा. नातेवाईक म्हणतात बीए घे सोपं आहे, अहो ज्याला लिहिता येत नाही त्याला पाचपाच पानांची उत्तरं लिहायचा कोर्स सोपा कसा? आणि डिसकॅल्क्युलिया (आकड्यांची अडचण) असेल तर बीकॉमच्या पहिल्याच वर्षी गणित आणि स्टॅटिस्टिक्स उभं असू शकतं, ते बघून मग ठरवा. आम्ही अकाउंट्स घेतलं कारण त्याला आकडे जमतात, वाक्यं जमत नाहीत.

आता कागद. सर्टिफिकेटची गंमत अशी की २०१८ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे एलडीची तपासणी आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या वर्षी आणि मग अठराव्या वर्षी करायची असते आणि अठराचं सर्टिफिकेट कायमचं चालतं. पण मुलं अठराची कधी होतात? नेमकी बारावी ते एफवायच्या मधे! म्हणजे अ‍ॅडमिशनला दिलेला कागद ऐन परीक्षेच्या वेळी शिळा होतो आणि एक्झाम सेक्शनवाले तो परत करतात. आमच्या बाबतीत हेच झालं आणि ऑक्टोबरमध्ये धावपळ करताना नाकी नऊ आले. त्यामुळे अठरावा वाढदिवस ज्या महिन्यात आहे त्याच्या दोनतीन महिने आधीच नंबर लावा. मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिका हॉस्पिटलांत एलडी क्लिनिक आहेत, तिथे गर्दी असते आणि काम एका खेपेत होत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, मग आयक्यू, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. शाळेचे जुने रिपोर्ट, दहावीच्या वेळचा सर्टिफिकेटचा कागद आणि मुलाच्या हातच्या एकदोन वह्या घेऊन जा, तिथे वह्या बघतात. खाजगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट कितीही जाडजूड असला तरी तो सर्टिफिकेट नाही, हे आम्ही पैसे घालवून शिकलो.

यूडीआयडी कार्डचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन भरता येतो, तोही त्याच सुमारास टाका. एलडी हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे हे अजून कित्येक क्लार्कना माहीत नसतं, दिव्यांग म्हटलं की ते मुलाचे पाय बघतात. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयातही ५ वर्षं सूट असते, पण त्यासाठी सर्टिफिकेटवर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त लागतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची दिव्यांगांची पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिपही त्याच अटीवर. कार्डावरचा टक्का बघूनच पुढच्या गोष्टी ठरवा.

पण टक्का कमी आला म्हणून रायटर मिळणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की ज्याला लिहायला खरंच अडचण आहे त्याला फक्त ४० टक्के नाहीत म्हणून रायटर नाकारता येत नाही. तो उमेदवार डॉक्टर होता आणि त्याला रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडणं) होता. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांच्या खालच्यांसाठीही सूचना काढल्या. या केसचं नाव आणि तारीख मुलाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, माझा अनुभव असा की भांडण्यापेक्षा तारीख सांगितली की समोरचा जास्त लवकर खुर्ची पुढे करतो.

आता मुख्य काम, आणि हे मुलानेच करायचंय. तुम्ही बाहेर बाकावर बसा. मी पहिल्या वर्षी त्याच्याबरोबर आत गेले होते, मॅडम सगळं माझ्याशीच बोलत होत्या, हा बाजूला उभा राहून मोबाईल बघत होता आणि नंतर वर्षभर त्या मॅडम त्याला ओळखतच नव्हत्या, मला मात्र ओळखायच्या. त्यांचा काय दोष, मीच वीस मिनिटं त्याच्या वतीने बोलले होते. दुसऱ्या वर्षी आम्ही घरी प्रॅक्टिस केली, मी मॅडम झाले. तीन वाक्यं ठरवली: मला काय आहे, त्यामुळे वर्गात नेमकं काय जमत नाही, आणि मला काय हवंय. मला डिसलेक्सिया आहे एवढंच म्हटलं तर पुढचा माणूस नुसता अरेरे म्हणतो. मला बोर्डावरचं बघून पटकन उतरवता येत नाही, तर लेक्चर संपल्यावर फोटो काढू का, असं विचारलं की तो हो किंवा नाही म्हणतो. पहिल्यांदा त्याची मान खालीच होती, आजोबांसमोर, मावशीसमोर असं करत करत चौथ्या वेळेला जमलं.

भेटायचं कोणाला? काही कॉलेजांत समान संधी कक्ष किंवा दिव्यांग सेल असतो, नुसता कागदावर असला तरी त्याचं नाव अर्जात घाला. नसेल तर व्हाईस प्रिन्सिपल आणि कोर्स कोऑर्डिनेटर. आणि एक्झाम सेक्शनला वेगळं, कारण ऑफिस आणि एक्झाम सेक्शन एकमेकांशी बोलतील अशी आशा ठेवायची नाही. अर्जाच्या तीन कॉप्या, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स, आणि आपल्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आमचा एक अर्ज कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही, पोच नव्हती म्हणून बोलायला तोंडच नव्हतं.

अर्ज लांबलचक नको. आम्ही दिलेला साधारण असा होता, हवा तर उचला: "मी एफवाय बीकॉमचा विद्यार्थी असून मला विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ व १७ नुसार मला अंतर्गत चाचण्या व सत्र परीक्षा या दोन्हींसाठी जादा वेळ, लेखनिक व स्वतंत्र बैठक व्यवस्था मिळावी. तसेच लेक्चर रेकॉर्ड करण्याची परवानगी मिळावी, रेकॉर्डिंग मी फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी वापरीन."

त्यातले "अंतर्गत चाचण्या" हे दोन शब्द विसरू नका. सेमिस्टरच्या मोठ्या पेपराला सगळे नियम आठवतात, पण वीस मार्कांच्या इंटर्नलला सर वर्गातच पेपर वाटतात आणि अर्ध्या तासात गोळा करतात, आणि आपलं पोरगं सगळ्यांसमोर उठून जादा वेळ मागत नाही, अर्धवट पेपर देऊन येतं. पहिल्या सेमला याला केटी लागली (विषय राहिला, परत द्यावा लागला) ती अभ्यासामुळे नव्हे, या इंटर्नलमुळे. जादा वेळेचा हिशोब म्हणजे केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला एक तास. तोच हिशोब चाचणीलाही मागा.

रायटर! याच्यावर मी वेगळं पुस्तक लिहू शकते. रायटर साधारणपणे खालच्या वर्गातला लागतो, नेमका किती खालचा आणि कॉलेज देणार की आपण आणायचा हे त्या वर्षीचं परिपत्रक वाचून ठरवा, कारण ते बदलत राहतं. आपणच आणायचा असेल तर एक नाही दोन शोधून ठेवा आणि दोघांचेही आयडी, फोटो आधीच एक्झाम सेक्शनला द्या. आमचा रायटर पेपरच्या दिवशी सकाळी तापाने फणफणला, त्याच्या आईचा साडेसातला फोन आला, आणि दुसऱ्याचं नाव दिलेलं नसतं तर तो पेपर गेलाच होता. सोसायटीतली अकरावी-बारावीची मुलं, ओळखीच्या क्लासमधली मुलं, अशी विचारा. येण्याजाण्याचा खर्च, डबा आपला, हे सांगायला नको.

आणि रायटर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, उत्तर सांगून लिहून घेणं हे एक वेगळंच स्किल आहे. मुलं मनात विचार करतात त्या स्पीडने बोलतात आणि रायटर अर्धं गाळतो. घरी निदान तीन पूर्ण पेपर त्याच रायटरबरोबर सोडवा, घड्याळ लावून. नवीन परिच्छेद कुठे, हेडिंग कुठे, अधोरेखित काय, सगळं तोंडाने सांगायची सवय लागते. अकाउंट्सला तर आम्ही खुणा ठरवल्या होत्या, डावी बाजू, उजवी बाजू, तिसरी ओळ, आकडा अमुक, नाहीतर बॅलन्स शीटचं भजं होतं. खोली वेगळी मागा ती पण याच कारणासाठी, याला बोलून सांगायचंय आणि बाजूला दुसरा दिव्यांग विद्यार्थी पण त्याच्या रायटरला सांगतोय, मग दोघांचीही लिंक तुटते.

रोजच्या अभ्यासाला मात्र फोनने आमचं आयुष्य बदललं, ज्या फोनला मी दहावीपर्यंत शिव्या घातल्या त्यानेच. गुगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, मराठीतही चालतं, असाइनमेंट तो बोलून टाइप करतो आणि मग ताई चुका बघते. नोट्सची पीडीएफ फोन वाचून दाखवतो, पण झेरॉक्सवाल्याने स्कॅन केलेली असेल तर ते नुसतं चित्र असतं, फोन गप्प बसतो, तेव्हा गुगल लेन्सने अक्षरं उचलून घ्यायची. सरांना विनंती करून मूळ वर्ड फाईल किंवा स्लाईड्स मिळाल्या तर हा सगळा उपद्व्यापच वाचतो. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी लाईव्ह ट्रान्स्क्राइब अ‍ॅप बोललेलं लिहून दाखवतं, मराठीही. दृष्टिहीन मुलांसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाईन लायब्ररी आहे, आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून काम करतंय. छापील वाचता न येणाऱ्यासाठी पुस्तक वाचनीय रूपात करून देणं कॉपीराईट कायद्यात २०१२ पासून चालतं, त्यामुळे लायब्ररीयन पूर्ण पुस्तक स्कॅन करायला नाही म्हणाले तर हे नम्रपणे सांगा.

मित्रांना सांगायचं का, हे मुलावर सोडा. याने वर्षभर कोणाला सांगितलं नाही, मग एका मुलीने विचारलं तुला रायटर का मिळतो, तेव्हा सांगितलं. ती आता लेक्चरच्या नोट्स व्हॉइस मेसेजमध्ये पाठवते.

ज्यांच्या मुलांना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता आहे त्यांनी अठराव्या वर्षी आणखी एक गोष्ट बघायची. कायद्याने मूल सज्ञान झालं की आईबापाची सही आपोआप चालत नाही, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली गरज असेल तर स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. गरज असेल तरच हं, जो मुलगा स्वतः ठरवू शकतो त्याच्या नावावर उगाच पालक बसवू नका.

कॉलेज ऐकतच नसेल तर आधी लेखी कारण मागा. तोंडी नकार पटकन देतात, लेखी द्यायला कचरतात, आमचं अर्धं काम तिथेच झालं. तरी नाही झालं तर युनिव्हर्सिटी, आणि त्यावर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

आणि हो, ज्यांना केटी लागेल त्यांनी लक्षात ठेवा, आमच्याकडे केटीच्या फॉर्मबरोबर रायटर आणि जादा वेळेचा अर्ज परत नव्याने द्यावा लागला, जुना धरला नाही. तो अर्ज त्याने स्वतः जाऊन दिला, इनवर्डचा शिक्का मारून घेतला आणि मला फोटो पाठवला. खाली तारीख चुकीची पडली होती, तीही त्यानेच बदलून घेतली.