उलांडी आधी, होडी नंतर

शिडाची छोटी होडी करायला घेतली की सगळा जीव मुख्य होडीत ओतला जातो आणि उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून दांड्यांनी बाजूला जोडलेला तरंगता भाग, शेवटच्या दोन दिवसांत उरल्यासुरल्या प्लायमधून उरकली जाते. मग पहिल्याच खाऱ्या वाऱ्यात दांडा मोडतो, नाहीतर उलांडी पाण्याखाली जाते. म्हणून हिशेब उलांडीपासून सुरू करा.

इथे घेतलेली होडी ४.८ मीटर लांब, दोन माणसांची, ६ चौरस मीटर शिडाची आहे. रत्नागिरी-मालवणकडच्या होड्यांसारखी एकाच बाजूला उलांडी. वारा उलांडीच्या बाजूने आला की ती उचलली जाऊ लागते आणि तिचं वजन होडीला धरून ठेवतं. वारा पलीकडून आला की ती पाण्यात दाबली जाते, तेव्हा तिचं तरंगणं होडीला धरतं. श्रीलंकेतल्या ओरू नावाच्या उलांडीच्या होडीत हा प्रश्नच ठेवलेला नाही. तिची दोन्ही टोकं सारखी असतात, दिशा बदलताना शीड या टोकाचं त्या टोकाला नेतात आणि उलांडी कायम वाऱ्याकडेच राहते. पण ती कसरत शिकायला वेळ लागतो. आपली होडी नेहमीसारखी वळणार, तर उलांडीने दोन्ही कामं केली पाहिजेत.

१२ नॉट (ताशी सुमारे २२ किलोमीटर) वाऱ्यात ६ चौरस मीटर शिडावर साधारण १७ किलोचा रेटा येतो. तो पाण्याखालच्या आधारापासून सुमारे २.३ मीटर उंचीवर लागतो, म्हणजे ३९ किलो-मीटरची (किलो गुणिले मीटर) कलंडणारी ओढ. होडीच्या मध्यापासून उलांडीच्या मध्यापर्यंत १.८ मीटर अंतर ठेवलं, तर उलांडीला २२ किलो तोलावं लागतं. वारा १८ नॉट झाला की रेटा दीडपट नाही, सव्वादोनपट होतो, आणि तेच २२ किलो ४९ वर जातात. एक लिटर पोकळी साधारण एक किलो तोलते, तेव्हा लाटांसाठी हात राखून ७० लिटरची उलांडी धरा. वाऱ्याकडे असताना मात्र १२ किलोची उलांडी आणि दांड्यांचा भार मिळून जेमतेम ३० किलो-मीटर तोल मिळतो. बाकीचा तोल माणसाने बाहेर सरकून द्यायचा, म्हणून दोन दांड्यांवर बसायची फळी हवीच.

उलांडीला ४ मिमी मरीन प्लायचं (पाण्यात टिकणारं प्लायवूड) ८ बाय ४ फुटी एक पान पुरतं. १८ सेंमी रुंदीच्या सहा पट्ट्या काढा. चार अख्ख्या ठेवा, दोनांचे तुकडे करून त्या चारांना जोडा, आणि ३.२ मीटरच्या चार पट्ट्या तयार करा. टोकांना निमुळत्या करून चौकोनी पेटी बांधा, पण ती कोनावर उभी, म्हणजे एक कड खाली. सपाट तळाची पेटी प्रत्येक लाटेवर आपटते. आत दोन आडव्या भिंती घालून तीन बंद कप्पे करा. पीव्हीसी पाइपचा मोह होतो, पण इपॉक्सी (दोन भाग कालवून वापरायचा चिकट राळेसारखा गोंद) त्याला नीट धरत नाही आणि दांडे जोडायची जागाच कच्ची राहते.

मुख्य होडीला ६ मिमीची तीन पानं लागतात. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचं प्लाय घ्या, तरीही एक तुकडा चार तास उकळून वाळवा. थर सुटले तर पान परत करा. दोन पानं लांबीत जोडताना टोकं रंध्याने ५ सेंमी तिरकी करा, म्हणजे जाडीच्या आठपट. सांधा त्याहून आखूड झाला की वाकवताना नेमका तिथेच तडकतो. अशा दोन ४.८३ मीटरच्या, ४५ सेंमी रुंदीच्या बाजू तयार होतात. मध्ये तळाला ४० आणि वर ६० सेंमी रुंदीचा साचा उभा करून बाजू त्याभोवती वाकवा, टोकं तांब्याच्या १८ गेज तारेने शिवा. बाजू बाहेर झुकलेल्या असल्यामुळे, फळीच्या कडा सरळ असल्या तरी तळाला आपोआप ५-६ सेंमीचा बाक येतो. तळाचं पान आधी मापून कापू नका. होडी उलटी करून तिसऱ्या पानाची पट्टी वर ठेवा आणि पेन्सिलने आखून घ्या.

दर १५ सेंमीला तार घालून शिवण पुरी करा. होडीला पीळ आहे का ते आताच पाहा, इपॉक्सी लागल्यावर तो निघत नाही. मग आतल्या सांध्यांत इपॉक्सी आणि चाळलेला लाकडाचा भुसा पुट्टीसारखा घट्ट कालवून गोलाई भरा, तारा काढा, आत-बाहेर फायबरच्या पट्ट्या लावा. तळाला २०० ग्रॅमच्या फायबर कापडाचे दोन थर द्या, वाळूवर ओढायची आहे. इपॉक्सी एकूण ८ ते १० किलो लागेल. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवू नका आणि पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात ती तापून धूर काढते आणि डब्यातच दगड होते. दमट हवेत वर तेलकट थर येतो, तो पाणी आणि घासणीने धुवा. धुण्याआधी पॉलिश पेपर मारला की तो थर आत रगडला जातो आणि रंग सोलून निघतो.

पुढे-मागे बंद कप्पे करा. काठाला ४० बाय २० मिमी सागवानी पट्टी लावा, कारण दांडे तिच्यावरच बसणार आहेत.

दांडे दोन, एकमेकांपासून १.६ मीटरवर, प्रत्येकी २.४ मीटर. ॲल्युमिनियमचा पाइप घेतलात तर ६० मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा. ५० मिमीचा पाइप एकट्यावर सगळा भार आला की वाकतो. सिंधुदुर्गात मिळणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो. त्याच्या ४ सेंमी जाडीच्या दोन-दोन काठ्या एकत्र बांधल्या तर तेवढंच बळ येतं. दांड्यात बोल्टसाठी भोक पाडू नका, काठी तिथूनच फाटते. ५ मिमी पॉलिस्टर दोरीचे सहा-सात फेरे घाला आणि मधून आडवे फेरे मारून आवळा. नायलॉन भिजलं की ताणतं, सकाळची घट्ट बांधणी दुपारी ढिली पडते. बांधणीने किंचित हलावं, पण घासू नये. खाली रबरी ट्यूबचा तुकडा घाला.

दोन माणसं बसल्यावर होडी सुमारे २० सेंमी बुडते आणि उलांडी ९ सेंमी, म्हणून उलांडीची खालची कड होडीच्या तळापेक्षा ११ सेंमी वर हवी. उलांडी आणि दांडा यांच्यामध्ये साधारण ८ सेंमीचा लाकडी ठोकळा बसतो. पुढचं आणि मागचं अंतर टेपने मोजा. उलांडी तिरकी बसली तर वल्हं सतत एकाच बाजूला दाबून धरावं लागतं.

डोलकाठी ४ मीटरची, पुढच्या दांड्याला बांधलेली. पहिलं शीड ताडपत्रीचं चालेल. होडी आडवी वाहून जाऊ नये म्हणून उलांडीच्या बाजूला ३० सेंमी रुंद फळी ६५ सेंमी पाण्यात सोडा. ती शिडाच्या मध्याच्या फार मागे गेली तर होडी वाऱ्याकडे वळायचं नाव घेत नाही.

पहिली चाचणी कमरेएवढ्या पाण्यात, शीड न लावता करा. एकट्या माणसाला होडी ४ सेंमी वर तरंगते आणि उलांडीकडे कलते. मग ठोकळ्यावर २ सेंमीची पाचर घाला. उलांडीच्या कप्प्यांची बुचं पाण्यात घट्ट लावा, पण किनाऱ्यावर आणली की उघडी ठेवा. उन्हात आतली हवा तापून फुगते आणि सांधे आतून उकलतात.