अनेक जखमांचा रुग्ण आला की कॅज्युअल्टीत या चुका टाळा

अपघातातला रुग्ण ट्रॉलीवर आला की सगळे धावतात ते जिथे रक्त दिसतं तिथे. शिकाऊ डॉक्टरांच्या दर नव्या बॅचबरोबर ही चूक परत येते.

पावसाळ्यातल्या एका रात्री घोडबंदर रोडवरून बाइकवाला पोरगा आला. नडगीचं हाड बाहेर. दोघं-तिघं त्या पायालाच चिकटले: ड्रेसिंग, स्प्लिंट, ऑर्थोला फोन. बीपी ११०. "स्टेबल आहे, सीटी स्कॅनला नेऊ." पण नाडी १३० होती आणि हात गार पडले होते. सिस्टरनी ट्रॉली दारातच अडवली. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर प्लीहेभोवती रक्त. ऑपरेशन थिएटरात नेईपर्यंत बीपी ७०! ऑपरेशन झालं, पोरगा वाचला. सीटीच्या टेबलावर असता तर काय, हे सांगायला नको.

तरुण शरीर जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत बीपी धरून ठेवतं, म्हणजे मोठ्या माणसात दीड लिटर. म्हणून मी मॉनिटरच्या आधी मनगट धरते. धो धो वाहणारं रक्त दाबायचं, मग मान न हलवता श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, शेवटी कपडे कापून पूर्ण अंग. प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायची. "बघूनच कळतं" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक गारठ्याची. पेशंट उघडा, एसी जोरात, वरून गार सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या. थंड पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही, आणि सलाईनने ते आणखी पातळ होतं. तपासून झालं की लगेच ब्लँकेट घाला, एसी बंद करा, सलाईन कोमट द्या. एका लिटरनंतरही नाडी पळत असेल तर रक्त मागवा. बाटली लावणं सोपं, ब्लड बँकेशी भांडणं अवघड, म्हणून सगळे बाटली लावतात.

पेल्विक बाइंडर (ओटीपोटाभोवतीची मोडलेली हाडं आवळून धरणारा पट्टा) कमरेला नको, मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यांवर बांधा. नसेल तर घडी केलेली चादर चालते.

रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड अपघातापासून ३ तासांच्या आत, पहिला १ ग्रॅम १० मिनिटांत. ३ तास उलटल्यावर सुरू करू नका.

टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत अडकलेली हवा फुफ्फुस आणि हृदयाला दाबते) वाटला तर एक्स-रेसाठी थांबू नका.

लघवीच्या जागी रक्त दिसलं तर कॅथेटर (लघवीची नळी) ढकलू नका.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासा. मनगट, बोटं, टाच यांची फ्रॅक्चर्स तेव्हाच सापडतात, कारण शुद्धीवर आल्यावरच पेशंट सांगतो कुठे दुखतंय.