नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर निवडताना या चुका टाळा

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा नियमित हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला संपतो आणि दुसऱ्याच दिवसापासून कोच बदलण्याच्या बातम्या सुरू होतात. हेड कोच कसाबसा वाचला, तर कुऱ्हाड हमखास ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरवर कोसळते. बॉल आपल्याकडे असताना संघाने काय करायचं, कोणता प्ले, म्हणजे आखलेली चाल, कधी खेळायचा, त्याची तयारी आठवडाभर कशी करून घ्यायची, ही सगळी जबाबदारी त्याची. दोन-तीन आठवड्यांत नवा माणूस येतो. पुष्कळदा पुढच्या नोव्हेंबरपर्यंत त्याचीही गच्छंती होते.

गेल्या काही वर्षांतल्या फसलेल्या नेमणुका एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी माणूस बिनकामाचा नव्हता. त्याने नेमकं कोणतं काम करायचं आहे, हे ठरवण्याआधीच त्याला आणलं गेलं होतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

प्ले कोण देणार, हे न ठरवता मुलाखती सुरू करणं

हुद्दा एकच असला, तरी प्रत्येक संघात काम वेगळं असतं. कॅन्सस सिटीत अँडी रीड आणि ग्रीन बेमध्ये मॅट लाफ्लूर हे हेड कोच स्वतः प्ले देतात. तिथला कोऑर्डिनेटर आठवड्याची आखणी करतो, खेळाडूंना शिकवतो, हेड कोचला सूचना करतो. डिफेन्समधून, म्हणजे समोरच्या संघाला अडवण्याच्या बाजूतून, वर आलेला हेड कोच असेल, तर मात्र सामन्याच्या दिवशी सगळा भार कोऑर्डिनेटरवर येतो. या दोन कामांना दोन वेगळी माणसं लागतात.

हे न ठरवल्याने काय होतं, ते 2023 च्या कॅरोलिना पँथर्सने दाखवून दिलं. फ्रँक राइक हेड कोच होते आणि प्लेही तेच देत होते. पहिले सहाही सामने हरल्यावर त्यांनी ते काम कोऑर्डिनेटर थॉमस ब्राऊनकडे सोपवलं. तीन सामन्यांनी परत स्वतःकडे घेतलं. नोव्हेंबर संपता संपता राइक यांनाच घरी जावं लागलं, तेव्हा संघाची कामगिरी होती एक विजय आणि दहा पराभव. या ओढाताणीत ब्राइस यंग हा नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला कोवळा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू, भरडला गेला.

त्याच्या आदल्या वर्षी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने तर हुद्दाच कोणाला दिला नाही. जॉश मॅकडॅनियल्स रेडर्सचा हेड कोच होऊन गेल्यावर बिल बेलिचिक यांनी प्ले देण्याचं काम मॅट पॅट्रिशियाकडे सोपवलं. त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग डिफेन्समध्ये गेला होता. क्वार्टरबॅक सांभाळायला दिला जो जज, म्हणजे मुळात स्पेशल टीम्सचा (किकच्या वेळी उतरणाऱ्या गटांचा) माणूस. मॅक जोन्सने 2021 च्या पदार्पणात 17 सामन्यांत 22 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले होते. 2022 मध्ये 14 सामन्यांत 14 झाले. बेलिचिक यांच्याइतका जाणता कोच क्वचितच पाहायला मिळतो. अशा माणसाला जे निभावलं नाही, ते इतरांनी करून पाहू नये.

बायोडेटातलं श्रेय तपासून न पाहणं

‘नंबर एक ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर’ ही ओळ वाचली की मालक भारावतात. पण त्या ऑफेन्सचे प्ले कोण देत होतं? नथॅनियल हॅकेट 2019 ते 2021 ग्रीन बेमध्ये कोऑर्डिनेटर होते. शेवटची दोन वर्षं तिथला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण प्ले लाफ्लूर देत होते. या कामगिरीवर हॅकेट 2022 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजचे हेड कोच झाले आणि प्ले देण्याचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं.

इथे घड्याळाचा हिशोब समजून घ्यायला हवा. एक प्ले संपला की पुढच्यासाठी साधारणपणे 40 सेकंद मिळतात. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला स्पीकर घड्याळात 15 सेकंद उरले की बंद होतो. म्हणजे खेळाडूंचा गट निवडणं, प्ले ठरवणं आणि तो बोलून पोहोचवणं हे सगळं 25 सेकंदांत उरकायचं. हॅकेट यांच्या संघाला हे इतकं जड जात होतं, की दुसऱ्याच सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध डेन्व्हरच्या घरच्या प्रेक्षकांनी उरलेले सेकंद मोठ्याने मोजायला सुरुवात केली. आपल्याच संघासाठी! सामन्यातले निर्णय घ्यायला मदत म्हणून जेरी रोसबर्ग या अनुभवी कोचला आणावं लागलं. 15 सामन्यांनंतर हॅकेट यांची नोकरी गेली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क जेट्सने त्यांना कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये प्ले देण्याचं काम त्यांच्याकडून काढून टॉड डाउनिंगकडे दिलं.

म्हणून मुलाखतीत फळ्यावर आवडते प्ले काढून दाखवायला सांगणं पुरेसं नाही. एका खऱ्या सामन्याची फिल्म लावावी, मध्येच थांबवावी, घड्याळ सुरू करून विचारावं: तिसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी तिसरा), सात यार्ड बाकी, समोर अमुक डिफेन्स, आता काय? आणि हे लागोपाठ करावं. पहिला प्ले फसल्यावर त्याचा दुसरा प्ले कसा येतो, तिथे माणूस कळतो.

क्वार्टरबॅकला नवी भाषा शिकायला लावणं

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक, कारण तिची किंमत एका हंगामात फिटत नाही.

प्रत्येक पद्धतीची प्ले सांगण्याची स्वतःची भाषा असते. वेस्ट कोस्ट पद्धतीतला ‘स्पायडर टू वाय बनाना’ हा प्रसिद्ध प्ले घ्या. पहिले दोन शब्द क्वार्टरबॅकचं संरक्षण कसं करायचं ते सांगतात. वाय म्हणजे टाइट एंड, समोरच्यांना अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू. बनाना म्हणजे त्याने कोणत्या वळणाने धावायचं ते. हा तसा आखूड प्ले. याच पद्धतीतले काही प्ले एका दमात म्हणता येत नाहीत. अर्हार्ट-पर्किन्स पद्धतीत तेवढ्यासाठी एखादाच शब्द असतो आणि प्रत्येकाला आपलं काम त्यातून कळतं. कोऑर्डिनेटर बदलला की हा सगळा शब्दसंग्रह पुसून नवा पाठ करावा लागतो. डोळ्यांसमोर डिफेन्स हलत असताना मनात भाषांतर चालू असेल, तर पास अर्धा सेकंद उशिरा सुटतो. या खेळात अर्धा सेकंद म्हणजे इंटरसेप्शन, पास थेट समोरच्या संघाच्या हातात.

ॲलेक्स स्मिथचं उदाहरण आजही अंगावर येतं. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला 2005 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्यानंतर कोऑर्डिनेटर झाले माइक मॅकार्थी, नॉर्व्ह टर्नर, जिम हॉस्टलर, माइक मार्ट्झ, जिमी रे. 2010 मध्ये तीन सामन्यांनंतर रे जाऊन माइक जॉन्सन. 2011 मध्ये जिम हार्बो हेड कोच झाले आणि त्यांच्यासोबत आले ग्रेग रोमन. सात हंगाम, सात कोऑर्डिनेटर. मधला एक हंगाम तर दुखापतीतच गेला. तोवर स्मिथवर ‘फसलेली निवड’ असा शिक्का बसला होता. हार्बो आणि रोमन यांनी त्याला झेपेल असा खेळ आखून दिला. त्या हंगामात त्याने फक्त पाच इंटरसेप्शन दिले आणि संघ 13 सामने जिंकला. आधीच्या वर्षांत याच मुलाला नाकर्ता ठरवणाऱ्यांनी हे आकडे शांतपणे पाहावेत.

उलट बाजूला बाल्टिमोर आहे. 2023 मध्ये त्यांनी रोमनच्या जागी जॉर्जिया विद्यापीठातून टॉड मंकन यांना आणलं. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन आधीच एकदा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. मंकन यांनी त्याच्या पायांतली ताकद न गमावता पासिंगचा खेळ रुंदावला, आणि त्याच वर्षी जॅक्सनला तो मान दुसऱ्यांदा मिळाला. उमेदवाराला विचारायचा प्रश्न हाच: आमच्या क्वार्टरबॅकला आज जे उत्तम जमतं, त्यातलं काय तुम्ही तुमच्या प्लेबुकमध्ये घ्याल? उत्तर फक्त ‘माझी पद्धत’ असं आलं, तर तिथेच थांबावं.

लाइनचं दुखणं प्लेबुकवर ढकलणं

2024 मध्ये शिकागो बेअर्सने शेन वॉल्ड्रन यांना आणलं आणि क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला निवडलं. नोव्हेंबरमध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध विल्यम्स नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे पास देण्याआधीच पाडला गेला, आणि त्याच आठवड्यात वॉल्ड्रन गेले. पण सॅक थांबले नाहीत. हंगामाअखेर आकडा 68 झाला. पुढच्या वर्षी बेन जॉन्सन हेड कोच झाले, आणि सोबत जो थ्यूनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन असे लाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीच्या, मध्यभागी तीन नवे खेळाडूही आले. सॅक निम्म्याहून कमी झाले. यातलं किती श्रेय कोचचं आणि किती लाइनचं हे वेगळं काढता येणार नाही, पण दोन्ही एकत्र बदललं तेव्हाच फरक पडला.

नियमांचंही भान हवं. 2020 पासून रूनी नियम (अल्पसंख्याक उमेदवारांच्या मुलाखती सक्तीच्या करणारा) कोऑर्डिनेटरच्या नेमणुकीलाही लागू आहे, त्यामुळे ‘आपला माणूस’ ठरवून मुलाखती उरकता येत नाहीत. त्याच वर्षापासून कोऑर्डिनेटरच्या खऱ्या बढतीसाठी दुसऱ्या संघाच्या सहायक कोचची मुलाखत त्याचा संघ अडवू शकत नाही. पण आधीच कोऑर्डिनेटर असलेल्या माणसाला त्याच हुद्द्यासाठी सोडायचं की नाही, हे त्याच्या संघाच्या हातात राहतं. यादी करताना हा फरक विसरला की हातचे दिवस वाया जातात.

बिघाड दिसताच माणूस बदलणं

आधी लक्षणं पाहावीत. सुरुवातीचे पंधराएक प्ले आदल्या रात्री लिहून ठेवलेले असतात. तेवढ्यात गुण मिळतात आणि मग गाडी अडते, असं असेल तर आखणी चांगली आहे, सामन्यात बदल करणं जमत नाही. शेजारी अनुभवी सहायक बसवून हे सुधारू शकतं. वारंवार वेळ संपल्याचा दंड होतो, टाइमआउट वाया जातात, तर प्ले पोहोचवण्याची साखळी तपासावी. ब्लिट्झ आला, म्हणजे डिफेन्सचे जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर धावून आले, की प्रत्येक आठवड्यात तीच दाणादाण उडते, तर मात्र दुखणं खोल आहे. फिलाडेल्फियाचं 2023 मध्ये हेच झालं. ब्रायन जॉन्सन यांच्या हाताखाली दहा विजय आणि एक पराभव अशी सुरुवात झाली आणि शेवटच्या सहापैकी पाच सामने गेले.

बदल कधी करावाच लागतो. पिट्सबर्गने मॅट कॅनडा यांना 2023 च्या नोव्हेंबरमध्ये काढलं आणि लगेचच्या सामन्यात संघाने 400 यार्डांचा टप्पा ओलांडला. कॅनडा यांच्या काळात तो एकदाही गाठता आला नव्हता. तिथे अडीच हंगाम वाट पाहून झाली होती. अटलांटाचं उदाहरण उलटं आहे. काइल शनहन यांच्या पहिल्या वर्षी, 2015 मध्ये, फाल्कन्सचे 339 गुण झाले आणि क्वार्टरबॅक मॅट रायनने 16 इंटरसेप्शन दिले. शनहन यांना काढा, असा गलका होता. संघाने त्यांना ठेवलं आणि त्यांच्या खेळाला साजेसा सेंटर (लाइनच्या मधोमध खेळणारा), ॲलेक्स मॅक, आणून दिला. 2016 मध्ये 540 गुण, रायन सर्वोत्तम खेळाडू आणि संघ सुपर बोल या अंतिम सामन्यात.

यशस्वी माणूस जाणारच, याची तयारी न ठेवणं

त्या सुपर बोलनंतर शनहन हेड कोच होऊन गेले. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह सार्किसियन यांच्या पहिल्या वर्षी अटलांटाचे गुण 353 वर आले. डेट्रॉइटमध्येही तेच झालं. बेन जॉन्सन गेल्यावर जॉन मॉर्टन आले आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये डॅन कॅम्पबेल यांनी प्ले देण्याचं काम स्वतःकडे घेतलं. खुद्द जॉन्सन मात्र डेट्रॉइटच्या घरातच तयार झाले होते: टाइट एंड कोच, मग पासिंग गेमची जबाबदारी, आणि 2022 मध्ये कोऑर्डिनेटर.

त्यामुळे कोऑर्डिनेटर नेमताना त्याच बैठकीत क्वार्टरबॅक कोच आणि पासिंग गेम कोऑर्डिनेटरही ठरवावेत. त्यातल्या एकाला प्रीसीझनच्या (हंगामापूर्वीच्या सरावाच्या) सामन्यांत प्रत्यक्ष प्ले द्यायला लावावं, आणि प्लेबुकची भाषा कोऑर्डिनेटरसोबत निघून न जाता संघाकडे राहील, हे करार करतानाच ठरवून घ्यावं.